शंख वाजेपर्यंत चालायचं

वजन उतरवायला रोज संध्याकाळी घराबाहेर पडावं आणि रोज भरपेट जेवून परत यावं, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? नसेल, तर तुम्ही सामोआत राहत नाही, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

माझा नवरा क्लाइव्ह निवृत्त झाला आणि आम्ही न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिलचा गारठा सोडून इथे राहायला आलो. तिथे माझे सांधे फार दुखायचे. इथल्या उन्हात ते दुखायचे थांबले, आणि त्यांच्याबरोबर मीही हलायची थांबले. (समोर समुद्र, मागे नीरफणसाचं झाड, मधे खुर्ची. माणसानं हलायचं तरी कशाला?) व्हायचं तेच झालं. रक्तात साखर वाढली. आमची लेक हेदर तिकडे नर्स आहे. तिनं फोनवर सरळ दमच दिला.

"आई, डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख दिलीय ना? तोवर वजन उतरलं नाही तर मी येऊन तुम्हा दोघांना घेऊन जाणार. मागची खोली रंगवून ठेवलीय."

"गार आहे गं ती खोली."

"हीटर बसवलाय."

हीटर हा शब्द ऐकला आणि मी निर्धार केला. रोज संध्याकाळी चालायचं. मोडेन पण वाकणार नाही. (वाकता येतच नव्हतं, हा भाग वेगळा.)

आता आमच्या गावात सूर्य बुडताना शंख वाजतो. मग ज्यानं त्यानं घरात बसून प्रार्थना करायची, रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या वेळी मी नेहमी आपल्या घरातच असायची, त्यामुळे डोक्यातून निसटलं. पहिल्याच दिवशी ओळखीतल्या लांगीच्या दारात पोचले आणि शंख वाजला. रस्त्यावर राखणीला उभा असलेला ओसोवा म्हणाला, "मावशी, पुढे नाही जायचं. बसा इथेच कुठेतरी."

दारात म्हटलं खरं, पण इथल्या घरांना दारं नाहीत आणि भिंतीही नाहीत. लांगीनं चटईवरूनच हात केला. मी जाऊन बसले. प्रार्थना संपली आणि डोळे उघडते तो माझ्यापुढे ताट. उकडलेल्या अळकुड्या, भाजलेला मासा, आणि अळूच्या पानात गुंडाळून शिजवलेलं घट्ट नारळाचं दूध.

"लांगी, मी जेवणार नाही. वजन उतरवायचंय मला."

"उतरव की. रिकाम्या पोटी कसं उतरवशील?"

"खरंच नको."

"बरं. मग पोरंही थांबतील."

पाहुण्यानं आधी जेवायचं आणि घरच्यांनी वारा घालत बघत बसायचं, अशी इथली रीत. सात पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी जेवले. नीट जेवले.

दुसऱ्या दिवशी लांगीचं घर टाळायला झपझप चालले. शंखानं मला ओसोवाच्या आईच्या घरासमोर गाठलं. तिसऱ्या दिवशी आणखी जोरात चालले आणि सुताराच्या घरी जेवले. (प्रार्थना झाल्यावर का निघत नाही, असं विचाराल. त्यानंतरचा रस्ता कुत्र्यांचा असतो, जेवून परततानाही कुणीतरी काठी घेऊन मला सोडायला येतं. दुपारी ऊन ऐकत नाही, आणि सकाळी माझे सांधे माझं ऐकत नाहीत.) पण एक दिवस खाडा केला नाही. निर्धार म्हणजे निर्धार.

मग एकदा पाद्रीबाई रुता आमच्याकडे आल्या. मी आत कपडे पिळत होते.

"क्लाइव्हभाऊ, घरात काही अडचण आहे का?"

"कसली अडचण?"

"नॉरीनताई रोज बरोबर जेवणाच्या वेळी कुणाच्या तरी घरासमोर येऊन उभ्या राहतात. आम्हाला जड नाही हो. पण घरी काय शिजतं?"

क्लाइव्ह खोटं बोलत नाही. बायकोची अब्रू वाचवायलासुद्धा नाही. "हल्ली काही नाही," तो म्हणाला.

मी ओला टॉवेल घेऊन तशीच बाहेर धावले. "रुताबाई, मी वजन उतरवायला चालते आहे."

रुताबाईंनी माझा हात थोपटला. "असू दे. भुकेलं माणूस असंच काहीतरी सांगतं."

गावच्या बायकांची बैठक बसली आणि त्यांनी पाळी ठरवली, म्हणजे बिचारीला दारोदार भटकायला नको. आता शंखाआधीच पाळीवाली रस्त्यावर येऊन मला हाताला धरून नेऊ लागली. ताटात भर म्हणून नारळाच्या दुधात कोको घालून शिजवलेला गोड भातही आला.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी ठरवलं, आज कुणाचं ऐकायचं नाही. पाळीवालीला चुकवून मागच्या वाटेनं समुद्राच्या बांधावर गेले आणि शंख वाजल्यावर एकटीच तिथे बसून प्रार्थना केली. हीटरपासून वाचव, एवढीच.

प्रार्थना संपली तशी ओसोवाची आई, लांगी आणि रुताबाई तिघी ताटं घेऊन बांधाकडे येताना दिसल्या.

"कुणी दुखावलं तुला?" लांगीनं विचारलं.

"कुणी नाही गं."

"मग एकटी का बसलीस? एकटं माणूस रुसलेलं तरी असतं, नाहीतर आजारी तरी."

"परवा मासा खारट झाला होता," ओसोवाची आई अपराधी आवाजात म्हणाली. "माझंच चुकलं."

मासा खारट झाला नव्हता, हे सिद्ध करण्याचा एकच मार्ग माझ्यापुढे होता. तिन्ही ताटं संपवूनच मी उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पेसामिनोंनी माझं वजन केलं आणि बरोबर आलाच आहे म्हणून क्लाइव्हचंही केलं. माझं चार किलो वाढलं होतं, त्याचं सात किलो उतरलं होतं, आणि डॉक्टरांनी हेदरला फोन करून सांगितलं की आईला तिकडे नेऊ नका, निर्धार कशाला म्हणतात हे तिला इथे घरातल्या घरात बघायला मिळतंय.