विरोधी यादीतील ऑर्व्हिल टेगमायर

सुज्ञ वाचकहो, मत्सर हा मनुष्याच्या अंतःकरणात पाहुणा म्हणून कसा प्रवेश करतो आणि पुढे घरमालकालाच कसा अडचणीत आणतो, याचा साद्यंत वृत्तांत येथे सादर होत आहे. त्यात एका संपूर्ण गावाच्या शाळेचे भवितव्य गुंतलेले आहे. वाचकांनी तो हसत हसत वाचला तरी हरकत नाही, परंतु मध्येच सोडू नये, इतकीच विनंती.

फेब्रुवारीतील एका मंगळवारी सकाळी ड्राय फोर्क गावच्या शाळामंडळाचे ज्येष्ठ सभासद श्रीयुत ऑर्व्हिल टेगमायर हे स्वतःच्या स्वयंपाकघरात उभे राहून, अंडी तळणाऱ्या पत्नीसमोर एक भाषण करीत होते. भाषण राजधानीत, विधिमंडळाच्या शिक्षण समितीपुढे व्हावयाचे होते. प्रत्येक वक्त्यास तीन मिनिटे मिळणार होती.

"तीन मिनिटं झाली," डोरीन घड्याळाकडे न बघताच म्हणाली.

"अगं, अजून मी मुद्द्यावर कुठं आलोय?"

"तेच म्हणतेय मी. केंद्राचं ऐकलंस ना रविवारी चर्चमध्ये? दोन वाक्यांत माणसं रडवली तिनं. शेजारची बर्निस तर रुमाल शोधत बसली."

ऑर्व्हिल यांनी हातातील टोस्ट बशीत परत ठेवला. केंद्रा होलुब ही गुरांची डॉक्टर, वय वर्षे चौतीस. मंडळावर येऊन तिला अवघे दीड वर्ष झाले होते. ऑर्व्हिल यांना एकोणीस वर्षे झाली होती. त्या एकोणीस वर्षांत त्यांनी शाळेच्या बॉयलरखाली सरपटत जाऊन झडपा तपासल्या, व्यायामशाळेच्या खुर्च्या स्वहस्ते घडी केल्या, आणि एकाही सभेस गैरहजेरी लावली नाही. तथापि गावात कोणी त्यांना थांबवून "काय बोललात, ऑर्व्हिल" असे म्हटल्याचे स्मरणात नव्हते. केंद्रा मात्र किराणा दुकानात शिरली की लोक आपल्या ढकलगाड्या आडव्या लावून तिचे अभिनंदन करीत. राजधानीत ड्राय फोर्कतर्फे मुख्य वक्ता कोण, यावर मंडळात मतदान झाले, तेव्हा केंद्राला चार मते पडली आणि विरोधात एक. मतदान हात वर करून झाल्यामुळे ते एक मत कोणाचे, हे गुप्त राहिले नव्हते.

आता प्रसंगाचे गांभीर्य वाचकांनी ध्यानी घ्यावे. लहान गावांच्या शाळांचे सरकारी अनुदान चालू ठेवणारे विधेयक त्या दिवशी समितीपुढे होते. ते पडले असते, तर ड्राय फोर्कचे नववी ते बारावीचे वर्ग बंद होऊन मुलांना अठ्ठावीस मैलांवरील बेल्मरला जावे लागणार होते. त्याच बेल्मरला, जे दर शरद ऋतूत फुटबॉलमध्ये ड्राय फोर्कला धूळ चारते. समितीत अकरा सिनेटर. पाच बाजूने, पाच विरोधात, आणि अकरावे लायल क्रूस. हे क्रूस म्हणजे अत्यंत मितभाषी गुरेपालक, आणि त्यांच्या मनात काय आहे हे त्यांच्या पत्नीसही मतदानानंतरच कळते, अशी त्यांची ख्याती होती.

मंडळाचे पाचही सभासद शाळेच्याच पिवळ्या बसने राजधानीत पोहोचले. समितीच्या दालनाबाहेर एक लांब मेज मांडलेले होते. त्यावर दोन याद्या होत्या, एक विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांची आणि दुसरी विरोधात बोलणाऱ्यांची. मागे चष्मा साखळीला लावलेली एक कारकून बाई बसली होती. ऑर्व्हिल यांनी पहिल्या यादीवर नजर फिरवली. केंद्रा तिसरी. तिने आठवड्यापूर्वीच घरून संगणकावर नाव नोंदवले होते. रिकामी ओळ अडतिसावी होती.

"बाई, अडतिसाव्याचा नंबर कधी लागेल?"

"लागणार नाही. तासभरच वेळ आहे. लिहून द्या कागदावर, फाइलला लावते."

"आणि ही दुसरी यादी?"

"विरोधातली. तिथं एकच नाव आहे. आमचे अध्यक्ष एक बाजूचा, एक विरोधातला, असे आळीपाळीनं बोलावतात. दोघांनाही सारखं, म्हणून."

ऑर्व्हिल यांनी आयुष्यभर धान्याच्या कोठारावर ट्रकांच्या रांगा लावलेल्या होत्या, त्यामुळे रांगेचे गणित त्यांना तत्काळ उमगले. बाजूचा पहिला, विरोधातला पहिला, बाजूचा दुसरा, मग विरोधातला दुसरा, आणि त्यानंतर केंद्रा. म्हणजे विरोधी यादीतील दुसरी ओळ ही केंद्राच्या बरोबर एक पाऊल पुढे होती. यादी म्हणजे निव्वळ रांग. एकदा माइकसमोर उभे राहिल्यावर तोंड आपलेच, त्यातून काय निघावे हे यादी थोडीच ठरवणार? अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी खिशातील पेन काढले आणि आपले पूर्ण नाव, त्यापुढे "शाळामंडळ सभासद, एकोणीस वर्षे" असे वळणदार अक्षरात लिहिले.

दालनात प्रवेश करताच एका दरवानाने त्यांच्या हातातील, कारकून बाईने दिलेली विरोधी यादीची चिठ्ठी पाहिली आणि त्यांना डावीकडील बाकांवर नेऊन बसवले. उजवीकडे ड्राय फोर्कची मंडळी बसली होती. केंद्राने हात हलवून त्यांना इकडे बोलावले. ऑर्व्हिल यांनी जणू छतावरील नक्षीकाम प्रथमच पाहत असल्याप्रमाणे वर पाहिले.

तोच शेजारच्या रुंद गृहस्थाने त्यांचा हात हातात घेतला. हे गॅरिसन पोप, कर-बचाव संघाचे चिटणीस.

"शाळामंडळावर असून आमच्याकडं? मर्द आहात," पोप म्हणाले. "मी गेली सहा वर्षं असा एक माणूस शोधतोय."

"त्याचं असं आहे, की मी खरं तर..."

"बोलू नका. माइकवरच बोला. तिथं जास्त उठून दिसेल." आणि पोप यांनी त्यांच्या कोटावर तळहाताएवढा तांबडा बिल्ला टोचला. त्यावर लिहिले होते, 'बस्स झाले कर'.

पिन अशी बसली होती की बिल्ला काढावयाचा तर कोटाचे छातीवरचे कापड फाटले असते, आणि तो कोट डोरीनने त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी शिवून घेतला होता. ऑर्व्हिल यांनी त्यावर हात ठेवला. परिणामी ते छातीवर हात ठेवून राष्ट्रगीतास उभे असल्यासारखे दिसू लागले, आणि पोप यांच्या डोळ्यांत त्यांच्याविषयीचा आदर दुणावला.

सुनावणी सुरू झाली. आरंभी अध्यक्षांनी नोंद वाचून दाखवली. अध्यक्ष स्वतः विधेयकाच्या विरोधात होते. "बाजूने सदतीस. विरोधात दोन. आणि या दोघांपैकी एक," येथे त्यांनी चष्मा पुसला, "एक सद्‌गृहस्थ एकोणीस वर्षे शाळामंडळावर आहेत, याची समितीने नोंद घ्यावी." उजव्या बाकांवर एकदम कुजबूज झाली. सिनेटर क्रूस यांनी पहिल्यांदाच कागदावर काहीतरी लिहिले.

ऑर्व्हिल यांच्या तोंडचे पाणी पळाले. आपण रांगेत घुसलो नसून आपल्याच शाळेच्या छाताडावर बसलो आहोत, ही गोष्ट आता कुठे त्यांच्या ध्यानी आली. पुढील तीन वक्ते काय बोलले हे त्यांना आजतागायत सांगता येत नाही.

त्यांचे नाव पुकारले गेले. माइकशेजारचा दिवा हिरवा झाला.

"अध्यक्ष महाराज, हे विधेयक मंजूर झालंच पाहिजे," ते म्हणाले.

पोप बाकावरून अर्धे उठले. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "टेगमायर, तुमची सही विरोधात आहे. आमच्या समितीचा नियम आहे, ज्या यादीत सही, त्याच बाजूनं बोलायचं. नाहीतर खाली बसा. नोंद मात्र विरोधातच राहील."

"मग सही खोडा."

"सही खोडता येत नाही."

दिवा पिवळा झाला, म्हणजे वेळ संपत आली. इतक्यात मेजाच्या टोकाकडून एक घोगरा आवाज आला. सिनेटर लायल क्रूस बोलले होते. अध्यक्षसुद्धा दचकले.

"मला प्रश्न विचारायचाय. प्रश्नाला नियम नाही. आणि उत्तराला वेळेची मर्यादा नाही." क्रूस पुढे झुकले. "बाजूनं बोलायचं होतं, तर विरोधात सही का केलीत?"

ऑर्व्हिल यांच्यासमोर दोन वाटा होत्या. चष्मा विसरलो, असे सांगून मान वाचवता आली असती. पण मग नोंद तशीच राहिली असती, आणि क्रूस यांनी कागदावर जे लिहिले होते तेही. त्यांनी उजव्या बाकांकडे पाहिले. केंद्रा हातातील कागद घट्ट धरून त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती.

"ती डॉक्टर तिसऱ्या नंबरावर आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं बोलते. मला तिच्या आधी बोलायचं होतं. या यादीत जागा होती."

"एवढंच?"

"एवढंच. दीड वर्ष जळतोय मी तिच्यावर."

दालनात हास्याची एक मोठी लाट उसळली. क्रूस हसले नाहीत.

"सकाळपासून सगळे एकाच कागदावरचं वाचतायत," ते म्हणाले. "खरं बोलणारे तुम्ही पहिले. तसंच आणखी थोडं बोला. शाळा कशी आहे तुमची?"

"बरी आहे. बेल्मरइतकी नाही. आमचा रसायनशास्त्राचा मास्तर बस चालवतो, आणि सोमवारी कँटीनमध्ये मांस-राजम्याची चिली वाढतो, दालचिनीच्या रोलबरोबर. खरं सांगू का, त्याची चिली रसायनशास्त्रापेक्षा चांगली आहे. पण बर्फात पोरं घरी सुखरूप पोचतात, कारण प्रत्येक घर त्याला माहीत आहे."

"आणि वर्ग बंद झाले तर?"

"आधी मास्तर जाईल. मग ज्यांची पोरं लहान आहेत ते जातील. ही केंद्रा जाईल, तिला दोन मुली आहेत. कुठंही गेली तरी लोक तिला डोक्यावर घेतील." ऑर्व्हिल यांनी घाम पुसला. "मग राहिलो आम्ही म्हातारे. बॉयलर बंद, सभा बंद. साहेब, गावात जिच्यावर जळावं अशी एक तरी व्यक्ती पाहिजे. तीही बेल्मरला गेली, तर मी सकाळी उठायचं कशासाठी?"

क्रूस यांनी आणखी प्रश्न विचारले. बर्फात किती दिवस रस्ता बंद असतो, गुरांना डॉक्टर कोण, फुटबॉलमध्ये किती गुणांनी हरता. त्यांना उत्तर देता देता भिंतीवरील घड्याळाने अकरा वाजवले. अध्यक्षांना सभागृहात जाणे भाग होते. त्यांनी हातोडा आपटून सुनावणी संपल्याचे जाहीर केले आणि थेट मतदान पुकारले. विधेयक सहा विरुद्ध पाच मतांनी पुढे गेले. सहावा हात क्रूस यांचा होता.

एकच जल्लोष झाला. पोप यांनी खिन्न मुद्रेने आपला बिल्ला स्वतः अलगद काढून घेतला. ड्राय फोर्कच्या मंडळींनी ऑर्व्हिल यांना अक्षरशः घेरले. "काय बोललात, ऑर्व्हिल," असे तिघे तीनदा म्हणाले. त्या गर्दीच्या कडेला केंद्रा उभी होती. तिच्या हातात तो कागद अजून तसाच होता. तिसरा क्रमांक पुकारलाच गेला नव्हता.

"अभिनंदन," ती म्हणाली. "छान झालं."

"तुझं राहूनच गेलं गं."

"त्यात काय? विधेयक पुढं गेलं, ते महत्त्वाचं." तिने कागदाची घडी केली, मग आणखी एक घडी केली, मग आणखी एक. "तीन आठवडे पाठ केलं होतं. गाईंनासुद्धा म्हणून दाखवलं. पण ठीक आहे."

तिने ते 'ठीक आहे' ज्या सुरात म्हटले, तो सूर ऑर्व्हिल यांच्या चांगल्या परिचयाचा होता. दीड वर्ष तो त्यांनी स्वतःच्याच तोंडून, स्वयंपाकघरात रोज ऐकला होता.

विधिमंडळाच्या पायऱ्यांवर, गावच्या साप्ताहिकासाठी ऑर्व्हिल यांचे एक छायाचित्र घ्यावे असे ठरले. "मी काढते," केंद्रा पुढे होत म्हणाली, आणि तिने मोबाइल उचलला. "तुम्ही मधोमध उभे राहा. हसा. आणखी थोडं इकडं. अजून थोडं. बास, छान."

परतीच्या प्रवासात ती बसच्या सर्वांत मागच्या आसनावर बसून खिडकीबाहेरची ओसाड मक्याची शेते पाहत राहिली.

गुरुवारी साप्ताहिक आले. पहिल्या पानावर छायाचित्र होते. विधिमंडळाचा घुमट त्यात स्वच्छ आला होता, खांब आले होते, झेंडा आला होता, पायरीवरचे एक कबूतरही आले होते. डोरीनने चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिले.

"ऑर्व्हिल, यात तू कुठं आहेस?"

त्यांनी उजव्या कडेवर बोट ठेवले. "हे कोपर माझं."

"ती बाई गाईच्या पोटातल्या वासराचा फोटो नीट काढते. आणि तुझा येईना?"

ऑर्व्हिल यांनी कात्री मागवली, ते छायाचित्र चारी बाजूंनी काळजीपूर्वक कापले, कोपर कुठेही कापले जाणार नाही याची विशेष दक्षता घेतली, आणि आपल्या पाकिटात, गाडीच्या परवान्याच्या पुढच्या खणात, अगदी उघडताच दिसेल असे ठेवून दिले.

"काय एवढं त्यात?" डोरीन म्हणाली.

"एकोणीस वर्षांत," ते म्हणाले, "माझ्यावर पहिल्यांदा कुणीतरी जळलंय."

येथे हा वृत्तांत पूर्ण झाला. ज्यांनी आपला अमूल्य वेळ खर्चून तो अखेरपर्यंत वाचला, त्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
नारायण भिकाजी सुतवणे, मुक्काम ड्राय फोर्क