सफरचंदाला बारा टाके

फळ हातात आलं तेव्हा शिंप्याने खरं तर काहीच केलं नव्हतं. उद्या सकाळी सासरे येणार म्हणून नुसती त्याच्यावरची धूळ पुसली होती. पाच वर्षांत झाडाला लागलेलं पहिलं आणि एकुलतं एक सफरचंद आता त्याच्या तळहातावर होतं.

सासरे म्हणजे वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. अंगणात रोप लावतानाच त्यांनी जावयाला बजावलं होतं, "चिवट जात आहे. कडाक्याच्या थंडीतही तगते. उद्या काही बिघडलं, तर दोष झाडाचा नसेल." तेव्हापासून एखाद्या पानाला भोक पडलं तरी शिंप्याला घाम फुटायचा.

"अहो, हे काय करून बसलात!" बायकोने कपाळावर हात मारला. "पहिलं फळ स्वतःच्या हाताने तोडणार, असं बाबा सगळ्यांना सांगत फिरतायत!"

"मग तोडतील की," शिंपी म्हणाला. "सुई आण. आणि हिरवा दोरा. दुहेरी."

भीतीने माणसाचा हात थरथरतो म्हणतात. शिंप्याचा उलट स्थिर झाला. कोटाचं बटण लावावं तसे त्याने देठ फांदीला जोडून बारा टाके घातले, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली आणि वरून एक पान टाचून दिलं.

सकाळी सासरे आले ते पाणीही न पिता थेट अंगणात. त्यांच्या मागे शिंपी, शिंप्याच्या मागे बायको. सासऱ्यांनी फळ तळहातावर घेतलं, अलगद उचललं, अर्धा वेढा दिला. फळ जागचं हललं नाही. त्यांनी जरा जोर लावला. फांदी वाकली, अख्खं झाड हललं, सफरचंद ढिम्म. शिंप्याने डोळे गच्च मिटून घेतले.

'चुकलं' हा शब्द त्याच्या ओठांवर आला, तेवढ्यात सासरेच म्हणाले, "चुकलं माझं, जावईबापू. घाई केली. पिकलेलं सफरचंद नुसतं उचललं की आपसूक हातात येतं. हे बघा कसं धरून बसलंय! कच्चं आहे. अजून महिनाभर तरी लागेल."

शिंप्याने पाच वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. "डोळ्यांत तेल घालून जपतो, बाबा."

"छे, तुमच्यावर कशाला भार?" सासरे पायरीवर ऐसपैस बसले आणि मुलीला म्हणाले, "माझी बॅग आत नेऊन ठेव गं. पिकेपर्यंत मी इथेच राहतो. रोज सकाळी एकदा फिरवून बघत जाईन."