आजी कोणत्या पानावर वारली

चष्मेवाल्याच्या बायकोने त्याला वाचनमंडळाचे नियम तीनदा सांगितले होते, आणि तिन्ही वेळा तो "हं, कळलं" म्हणाला होता. पहिल्यांदा तो चष्म्याची काच घासत होता, दुसऱ्यांदा जेवत होता आणि तिसऱ्यांदा काहीच करत नव्हता; पण ऐकलं त्याने तेव्हाही नाही.

नियम तसे सोपे होते. ग्रंथालयात दर महिन्याला पालक आणि मुलं मिळून किशोरांसाठीची एक कादंबरी वाचत. त्यासाठी दोन बैठका होत. पहिली 'अपेक्षा-बैठक'. तिच्याआधी पुस्तक कोणीही उघडायचं नाही. फक्त मुखपृष्ठ पाहायचं आणि आत काय असेल असं वाटतं, ते सांगायचं. मग पंधरा दिवसांत पुस्तक वाचायचं आणि दुसऱ्या बैठकीत चर्चा करायची. कोणाला आधी मोह पडू नये म्हणून ग्रंथपालबाई प्रत्येक प्रतीला लाल रबरबँड लावून देत. मोठ्या माणसांना पुस्तकापासून दूर ठेवायला रबर लागतं, अशी त्या माउलीची समजूत होती.

इतके महिने लेकीबरोबर बायकोच जात होती. या महिन्यात बायकोची दुपारची पाळी लागली आणि ही जबाबदारी चष्मेवाल्यावर आली.

लेक चौदा वर्षांची होती आणि बापाला पुरती ओळखून होती. चष्मेवाल्याला न पाहता "पाहिलं" आणि न ऐकता "मस्तच" म्हणायची जुनी खोड. वर्षभरापूर्वी लेकीने त्याला एक चित्र दाखवलं होतं. त्याने मोबाइलवरून मान न उचलता "डोंगर छान जमलाय" असा अभिप्राय दिला. लेकीने चित्रात त्याचाच चेहरा काढला होता. त्यानंतर लेकीने त्याला एकही चित्र दाखवलं नाही, आणि हे त्याला आतून फार लागलं होतं. पण लागलं आहे, हे सांगायचं कसं ते त्याला कळत नव्हतं.

"हे पुस्तक दुकानात ठेव, नाहीतर घरी विसरशील," गुरुवारी लेक म्हणाली. "आणि बाबा, तिथे थापा मारू नकोस."

"मी कशाला मारू?"

"मारतोस. यावेळी मारलीस ना, तर पुढच्या वेळी मी एकटी जाईन. कायमची."

चष्मेवाल्याने पुस्तक दुकानात नेलं. त्याच दिवशी चष्म्याच्या एका खोक्याचं झाकण तुटलं, म्हणून पुस्तकाचं लाल रबर काढून त्याने खोक्याला लावलं. पुस्तक त्याने वाचलं नाही. शनिवारपर्यंत ते वाचून जायचं असतं अशी त्याची पक्की समजूत होती, आणि तरीही वाचलं नाही. शुक्रवारी गिऱ्हाइकं होती आणि शनिवारी सकाळी कंटाळा होता.

कादंबरीचं नाव होतं 'सातव्या मजल्यावरचा घोडा'. ग्रंथालयाच्या पायऱ्या चढताना त्याने मुखपृष्ठ निरखून घेतलं. गच्चीवर एक पाठमोरी मुलगी, तिच्याशेजारी घोडा आणि खालच्या खिडकीत एका म्हातारीची सावली. एवढं भांडवल पुरेसं आहे, असं त्याने ठरवलं. गिऱ्हाइकाच्या नाकाकडे बघून नंबर ओळखणाऱ्या माणसाला मुखपृष्ठावरून कादंबरी ओळखणं काय अवघड होतं?

बैठक बालविभागात होती. दहा-बारा माणसं छोट्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन गंभीरपणे बसली होती, आणि ग्रंथपालबाई वही उघडून प्रत्येकाचं बोलणं उतरवून घेत होत्या.

"मला वाटतं, मुलीला आईवडील नसावेत," दंतवैद्यबाई म्हणाल्या. "या पुस्तकांत ते नसतातच. घरात असते तर आठला झोपवली असती तिला, मग कादंबरी कुठली घडायची."

"आणि एक न बोलणारा मुलगा असेल," त्यांचा मुलगा न बोलल्यासारखं बोलला.

"मला वाटतं, यात संस्कार असावेत," निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना सगळे 'सर' म्हणत. सरांना कुठल्याही पुस्तकात संस्कारच असावेत असं वाटे, आणि नसले तर तो दोष ते वाचकाच्या माथी मारत.

चष्मेवाला मनातल्या मनात हसत होता. सगळे 'वाटतं' आणि 'असावं' म्हणत होते. म्हणजे यांच्यापैकी एकानेही वाचलेलं नाही आणि सगळे अंधारात काठी मारत आहेत, हे त्याने बरोबर ओळखलं. ते तसंच अपेक्षित आहे, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. आपण जरा ठाम बोललो तर उठून दिसू, असा त्याने हिशेब केला.

"आजी मरते," तो म्हणाला.

ग्रंथपालबाईंचं पेन थांबलं.

"शेवटी. दोनशे ऐंशीव्या पानावर," त्याने पुस्ती जोडली, कारण आकड्याने बोलण्याला वजन येतं.

"आणि घोडा?" सरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"घोडा नाहीच आहे, सर. घोडा म्हणजे आजी. तिची आठवण. मुलीला ते शेवटी कळतं आणि ती रडते."

 मग दंतवैद्यबाईंनी पुस्तक मांडीवरून उचलून खाली ठेवलं.

"तुम्ही वाचलंत हे?"

"म्हणजे काय. दोनदा."

"पण आज अपेक्षा-बैठक आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.  "आज कोणी वाचून यायचं नसतं. रबर कुठंय याचं?"

रबर दुकानात खोक्याला होतं. पुरावा भक्कम होता. चष्मेवाल्याच्या डोक्यात बायकोचं बोलणं एकदम जागं झालं, तिन्ही वेळांचं, शब्दन् शब्द. आता दोनच वाटा होत्या. वाचलं नाही असं कबूल केलं तर लेकीसमोर थापाड्या ठरायचं, आणि वाचलं म्हटलं तर बारा जणांचा महिना नासवणारा. त्याने लेकीकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. ती त्याच्याकडे नवलाने बघत होती, आणि असं तिने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"चुकलं माझं," चष्मेवाला म्हणाला. "मोह आवरला नाही. इतकं सुंदर पुस्तक आहे."

मग त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. सरांनी शिस्तीवर दहा मिनिटं घेतली. दंतवैद्यबाई म्हणाल्या की शेवट सांगणाऱ्या माणसाचे दात भूल न देता काढले पाहिजेत. ग्रंथपालबाईंनी वहीत त्याच्या नावापुढे अपेक्षेच्या जागी फुली मारली आणि डोळे पुसले.

"दोनदा?" घरी जाताना लेकीने विचारलं.

"हं."

"दोन दिवसांत? माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी," तो म्हणाला, आणि स्वतःचीच त्याला शरम वाटली.

संध्याकाळी लेकीने चित्रांची वही आणून त्याच्यापुढे ठेवली आणि काही न बोलता निघून गेली. चष्मेवाल्याने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. डोंगर कोणता आणि माणूस कोण, हेही नीट पारखून घेतलं. त्याला इतका आनंद झाला की त्याला धड जेवण गेलं नाही. आणि त्याच आनंदात त्याच्या लक्षात आलं की पंधरा दिवसांनी हे सगळं मातीत जाणार आहे, कारण आता सगळे पुस्तक वाचणार.

सोमवारी दुकान उघडताच त्याने पुस्तक हातात घेतलं, आपण कितपत बरोबर निघतो ते बघायला. पहिल्याच पानावर घोडा होता. आठवण नव्हे, घोडा. तिसऱ्या पानावर त्याने गच्चीभर घाण केली. मुलीला आई, वडील, दोन काका आणि एक मोठा भाऊ होता, आणि हे सगळे मिळून घोडा वर कसा आला आणि आता खाली कसा न्यायचा यावर भांडत होते. खिडकीतली म्हातारी आजी नव्हतीच. ती घरमालकीण होती आणि कादंबरीतल्या सगळ्यांपेक्षा तिची तब्येत ठणठणीत होती. चष्मेवाल्याने घाबरून शेवटचं पान काढलं. त्याच्यावर आकडा होता दोनशे चौसष्ट.

 तो तडक ग्रंथालयात गेला.

"बाई, मी शेवट सांगून बसलो. सगळ्यांचा विरस झाला. यावेळी दुसरंच पुस्तक घेऊ या."

"छे, छे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तुम्हाला पश्चात्ताप झाला, यातच सगळं आलं. आणि शेवट कळला म्हणून काय झालं? आम्ही आस्वादासाठी वाचतो."

मग त्याने घरी लेकीला सांगितलं की पुस्तक दुकानातच राहू दे, तिथे धूळ कमी असते. लेक म्हणाली, "राहू दे की. मैत्रिणीची प्रत आणली मी. झालं वाचून." एवढं बोलून ती गप्प बसली, आणि तिचं ते गप्प बसणं चष्मेवाल्याला शिक्षेसारखं वाटलं. तिने वाचलं आहे, तिला सगळं कळलं आहे, आणि बाप स्वतःहून तोंड उघडतो का याची ती वाट बघते आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका राहिली नाही. चित्रांची वही त्याने मुकाट्याने तिच्या टेबलावर नेऊन ठेवली.

आठवड्याने सर चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला दुकानात आले.

"वाचताय का, सर?" चष्मेवाल्याने धीर करून विचारलं.

"वाचतोय. सावकाश. काल तर डोळ्यांत पाणी आलं."

चष्मेवाल्याने समजुतीने मान हलवली. त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, घोडा घरमालकिणीच्या बैठकीच्या खोलीत शिरतो त्या प्रकरणाला, हसून हसून. कारण एव्हाना तो पुस्तकात पुरता अडकला होता. भीतीने वाचायला घेतलेलं पुस्तक शंभराव्या पानानंतर तो भीती विसरून वाचू लागला. दोन गिऱ्हाइकांना त्याने "उद्या या" म्हणून परत पाठवलं आणि एकाचा डावा नंबर उजव्या डोळ्याला लावून दिला. घोडा खाली कसा येतो ते वाचल्यावर तो खुर्चीतून उठला आणि दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारून आला. इतकी साधी युक्ती, आणि दोनशे साठ पानं ती कोणाला सुचली नव्हती.

दुसऱ्या बैठकीला जाताना त्याने कबुलीजबाब पाठ केला होता. सगळ्यांसमोर खरं सांगायचं, लेकीची माफी मागायची आणि मग घोड्याबद्दल पोटभर बोलायचं, असं त्याने ठरवलं होतं. पण सुरुवात दंतवैद्यबाईंनी केली.

"शेवट माहीत होता हो," त्या म्हणाल्या. "तरी आजी गेली तेव्हा मला सावरता आलं नाही."

चष्मेवाल्याला वाटलं, आपल्याला टोमणा मारतात. पण बाई खरोखर रुमाल शोधत होत्या.

"मृत्यूचं वर्णन फार संयत," सर म्हणाले. "आणि त्यातून संस्कार. दोनशे ऐंशीव्या पानावर मी पुस्तक बाजूला ठेवलं. पुढे वाचवेना."

"घोडा म्हणजे आठवण, हे किती हळुवार उलगडलंय," ग्रंथपालबाईंनी वहीत लिहून घेत म्हटलं.

चष्मेवाला एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याचा जीव भांड्यात पडला. एकानेही वाचलं नव्हतं. तो वाचला होता. आता नुसतं गप्प बसून मान हलवली की काम झालं, आणि मान हलवण्यात तर त्याची हयात गेली होती. पण नेमकी आज त्याला मान हलवता येईना. घोडा त्याच्या पोटात मावत नव्हता.

"पुस्तक दोनशे चौसष्ट पानांचं आहे," तो म्हणाला.

"माझी आवृत्ती वेगळी असेल," सर म्हणाले.

"आजी नाही आहे त्यात. मी मागे सांगितलं ते चुकीचं होतं. ती घरमालकीण आहे. ती मरत नाही, शेवटी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी भांडते. आणि घोडा खरा आहे. तो दोऱ्या आणि वाळत घातलेल्या चादरी खातो. फार मजा आहे त्यात, तुम्ही वाचा तर खरं."

 सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"तुम्ही शब्दशः वाचलंत," ते कनवाळूपणे म्हणाले. "घरमालकीण म्हणजे घराची मालकीण. म्हणजे आजीच की."

"भांडण हाही एक प्रकारचा मृत्यूच," दंतवैद्यबाई म्हणाल्या.

"दोनदा वाचूनसुद्धा," ग्रंथपालबाई हळहळल्या.

तेवढ्यात लेक उठून उभी राहिली. चष्मेवाल्याला हायसं वाटलं. या खोलीत आपल्याशिवाय ते वाचलेलं एकच माणूस होतं, आणि ते त्याच्या पोटचं होतं. तिच्या नजरेत तो उतरणार होता, हे कबूल; पण घोड्याला न्याय मिळणार होता.

"माझ्या बाबांचं मनावर घेऊ नका," लेक म्हणाली. "त्यांना दुःखाबद्दल बोलता येत नाही, म्हणून ते विनोद करतात. मी जेव्हा शेवटाला आले ना, आजी जाते तिथे, तेव्हा मला आत्तापर्यंत वाचलेलं सगळं परत आठवलं."

तिला मोठ्या टाळ्या पडल्या. चष्मेवाल्यानेही वाजवल्या, कारण हात रिकामे होते आणि मुलगी आपली होती.

 घरी जाताना रस्त्यात एक टेम्पो उलटा मागे येत होता, त्याला वाट देत दोघं थांबले. तिला उघडं पाडावं की स्वतःचं उघडं पडलेलं झाकावं, हे चष्मेवाल्याला ठरवता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दोन्हींपेक्षा त्याला कोणाशी तरी शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलायचं होतं. पंधरा दिवस तो कोणीही ते पुस्तक वाचू नये म्हणून तळमळला होता, आणि आता निदान एकाने तरी वाचलेलं असावं म्हणून तळमळत होता.

"काय गं," शेवटी त्याने हळूच विचारलं, "घोडा खाली आणायची ती युक्ती कशी वाटली तुला?"

लेक थांबली. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर फार जुनी, ओळखीची निराशा आली.

"बाबा, घोडा म्हणजे आजी," ती म्हणाली. "मला वाटतं, तू ते पुस्तक एकदा नीट वाच."

चष्मेवाला "हं, वाचतो" म्हणाला.