माझ्या भोपळ्यातली बाळंतीण

मिरजेच्या दस्तगीरचाचानं मला फसवलं. एकदा नाही, दर हंगामाला. आणि तेही नुसती एक टिचकी मारून.

मी सांगलीच्या पेठेत हळदीची पोती पाठीवर वाहून वर आलेला माणूस. पुढे तंबोऱ्याच्या भोपळ्यांच्या धंद्यात पडलो. घागरीपेक्षा मोठे, वाळून खडखडीत झालेले भोपळे शेतकऱ्याच्या बांधावरून उचलायचे, कडब्यात गुंडाळून एसटीच्या टपावर चढवायचे आणि मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत आणून विकायचे. भाव करताना माझा आवाज चढतो. पेठेतले अडते माझ्या आवाजाला दबकून असत.

चाचावर मात्र त्याचा काडीचाही परिणाम होत नसे.

चाचा जवारी लावणारा. म्हणजे तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून घासून सूर मोकळा करणारा. त्याच्या कानाचा गल्लीत दबदबा होता. मी जिन्याच्या अर्ध्यावर असतानाच पाठमोरा चाचा म्हणायचा, "या अण्णा." त्यामुळं भोपळा चांगला की वाईट हे त्याच्याच माडीवर ठरायचं. तो भोपळा मांडीवर घ्यायचा, गाल टेकायचा, डोळे मिटायचा आणि टिचकी मारायचा. मध्यम भोपळ्याला म्हणायचा, "चालंल." पण माझा सगळ्यात देखणा भोपळा हातात आला की चेहरा पाडून म्हणायचा, "तडा हाय, अण्णा."

"कुठं आहे तडा? दाखवा मला."

"तडा हाय."

"पाणी भरून दाखवतो, थेंब गळला तर मिशी उतरवीन."

"आत हाय."

मी हात नाचवायचो, टोपी आपटायचो, त्याच्या खानदानाचा उद्धार करायचो. तो माझ्या तोंडाकडे लग्नातली वरात बघावी तसा बघत राहायचा, आणि मी दमलो की पुन्हा म्हणायचा, "तडा हाय." सातारा-सांगलीत इतका निबर सौदेबाज मी पाहिलेला नाही. शेवटी तो भोपळा फुटक्याच्या भावात त्याच्याकडेच टाकून मी जिना उतरायचो. फुटका भोपळा घेऊन हा करतो काय, हे विचारलं तरी म्हणायचा, "तडा हाय."

चाचाचं दुसरं वेड म्हणजे ससे. एकट्या जिवानं माडीभर लाकडी खोकी मांडून ठेवली होती आणि प्रत्येकात एक लाल डोळ्यांचा संसार. मादी व्यायला आली की स्वतःच्या पोटाचे केस उपटून पिल्लांसाठी गादी करते. एखादी आळशी निघाली तर चाचा आपल्या गोधडीतला कापूस काढून द्यायचा. दर थंडीत गोधडी पातळ होत चाललेली. मादीनं पिल्लांना जवळ केलं नाही तर तिला मांडीवर उताणी धरून एकेक पिल्लू आचळाला लावायचा. गारठलेलं पिल्लू असलं तर ते सदऱ्याच्या आत, पोटाशी. एकदा एक गाणाऱ्या बाई तंबोरा घेऊन आल्या होत्या. चाचा घोडी घासत होता आणि सदरा आपला आपणच हालत होता. बाई तंबोरा तिथंच टाकून खाली आल्या, त्या परत वर गेल्या नाहीत.

पिल्लं मोठी झाली की तो फुकट द्यायचा, पण हात तपासून. विट्याचे एक गलाईवाले, परमुलखात सोनं गाळून गबर झालेले, सुट्टीवर आले होते. मुलांसाठी जोडी हवी होती. चाचानं त्यांचे तळवे चाचपले आणि सोडून दिले. "भट्टीनं हात मेलाय तुमचा. पिल्लू घाबरलं तर तुमाला कळणार न्हाई." मोटारीतून आलेला माणूस रिकाम्या हातानं गेला.

बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदाच मला जन्मात एखादा मिळावा तसा भोपळा मिळाला. गोल, सारख्या जाडीचा, तांब्याच्या रंगाचा. मोठ्या बैठकीत वाजेल असा तंबोरा त्यातून झाला असता आणि गल्लीत माझं नाव निघालं असतं. देठाशी मी कोळशानं फुलीही केली होती. चाचानं गाल टेकला. बराच वेळ टेकून ठेवला.

"तडा हाय, अण्णा."

त्या रात्रीपासून मला अन्न गोड लागेना. चार दिवसांनी भर दुपारी न सांगता माडीवर गेलो. चाचा नव्हता. मला बघून सशांनी फळ्यांवर धपाधप मागचे पाय आपटले आणि मग गप्प झाले. आणि समोर, एका खोक्यात, कोळशाची फुली असलेला माझा भोपळा. त्याला बाजूनं भगदाड पाडलेलं. मी टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा घुमला. तडा कसला, केसाएवढी चीर नव्हती. भगदाडातून आत हात घातला तर मऊ लव, आणि लवेच्या खाली काहीतरी उघडं, गरम, वळवळणारं. मी हात झटकन काढला. मागं सरून भिंतीला टेकलो.

तेवढ्यात चाचा घासाची पेंढी घेऊन आला आणि माझ्याजवळूनच पुढं गेला. मी तोंड सोडलं. चोर म्हणालो, लबाड म्हणालो, आणखी जे म्हणालो ते छापता येणार नाही. तो पाठमोरा बसून सशांना घास घालत होता. मी आवाज आणखी चढवला. त्यानं एका सशाचा कान साफ केला. संतापून मी दाणकन पाय आपटला. फळ्या हादरल्या.

चाचा वळला. चेहरा खुलला. "या अण्णा. कवा आलात?"

एवढा वेळ मी कुणाशी बोलत होतो? जिन्यात माझी चाहूल लागायची ती याला नव्हे, सशांना. ते पाय आपटायचे आणि याच्या तळव्यांना फळ्या सांगायच्या.

मी पिल्लं बघायलाच आलोय असं त्याला वाटलं. त्यानं माझा हात धरला आणि भोपळ्यावर बाहेरून ठेवला. मादी आत शिरली होती. तळहाताला बारीक थरथर लागली, दूध उतू जाण्याआधी भांडं थरथरतं तशी.

"पाजतीय," चाचा म्हणाला. "उघडून बघितलं की बुजती. असं भाईरनं कळतंय, सगळी जित्ती हायत. तडा असता तर हे हाताला आलं नसतं बघा."

आपण कुणापुढं काय बोलून गेलो, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

मी तोंड मोठं करून, हातानं खुणा करून विचारलं, "ससेच का?"

"कोंबडी बोलती, शेळी बोलती. माणसं तर लयच. ससं बोलत न्हाईत, अण्णा." त्यानं भोपळ्यावरचा हात काढला नाही. "त्यांचं काय ऐकायचं ऱ्हाऊन जात न्हाई."

खाली मेहबूबचं तंबोऱ्यांचं दुकान; जिना उतरून तडक तिथं गेलो. चाचानं घासलेली घोडी पुन्हा गुपचूप नीट करून देणारा हाच, हेही मला त्या दिवशी समजलं.

"त्याचं कान जाऊन लय वर्सं झाली, अण्णा," तो खाली बघत रंधा मारत म्हणाला. "समद्या गल्लीला ठावं हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी हळू बोलाया लागला असता. बाकीची वर जात्यात, तोंडातल्या तोंडात बोलत्यात, त्याला काय उमगत न्हाई. तुमी टोपी आपटता, नाचता. तुमचं त्याला समदं कळतंय. तुमी येणार म्हटलं की धुतलेला सदरा घालून बसतंय म्हातारं."

यंदाही चांगला भोपळा आला. चाचानं गाल टेकला, डोळे मिटले. "तडा हाय, अण्णा." मी टोपी आपटली, हात नाचवले, घसा फुटेस्तोवर ओरडलो. तो बघत बसला. धुतलेला सदरा होता.

पण म्हणून हिशेब मिटला असं कुणी समजू नये. जो तंबोरा बैठकीत वाजायचा, त्याच्या पोटात सशीण बाळंत झाली. चाचाला जाब विचारून उपयोग नाही. मी जितका ओरडतो तितका तो हसतो. त्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असून माझा प्रत्येक भोपळा त्याच्याच माडीवर पाठवणारे मेहबूब आणि त्याची गल्ली, यांना मात्र ऐकू येतं. त्यांनी बोलावं. माझ्या भोपळ्याचा जबाब मला पाहिजे.