अंड्यांपाशी थांबतो का?

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये नवीन मराठी जोडपं आलं की लोक विचारतात, पुण्याचे की नागपूरचे, कुठल्या कंपनीत. आमचे शेजारी मोघेकाका त्यातल्या बायकोला बाजूला घेऊन नवऱ्याबद्दल एकच विचारतात, "अंड्यांपाशी थांबतो का?"

माझ्या नवऱ्याला त्यांनी पहिल्याच भेटीत नापास केलं. मी एका हाताने लेकीला भरवत दुसऱ्या हाताने पोळ्या भाजत होते आणि साहेब सोफ्यावर क्रिकेट बघत होते. "नर!" काका म्हणाले. मला हसू आवरेना.

तर काकांनी उमेदीची वर्षं अल्जेरियातल्या दलदलीत, रानबदकांची वीण अभ्यासण्यात घालवली. बोरूच्या उंच गवतात, छातीइतक्या पाण्यात उभं राहून घरटी शोधायची, हा त्यांचा धंदा. मादी अंड्यांवर बसली की नर म्हणे खुशाल चालता होतो. मग पाणी चढो नाहीतर कोल्हा येवो, बाईनं एकटीनं निस्तरायचं. मादी मात्र चरायला उठली तरी स्वतःची पिसं अंड्यांवर पांघरून जाते. हे सांगताना काकांचा आवाज असा चढतो की वाटावं, ती यांचीच मावसबहीण.

काकू गेल्यावर ते इथे लेकीकडे, मुग्धाकडे आले. यंदा त्यांच्या पॅटिओजवळच्या झुडपात एक बदकीण अंड्यांवर बसली. झालं! काकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "आमच्याकडे बाळंतीण आहे. कृपया गर्दी आणि गोंगाट करू नये."

आपल्या लोकांना एवढं पुरे. संध्याकाळपर्यंत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि इवलीशी टोपडी दारात. मुग्धानं दार उघडलं ते भलंमोठं पोट घेऊन. "अहो, मला अजून वेळ आहे!" ती ओरडली. मागून काका शांतपणे म्हणाले, "तिच्यासाठी नाहीत ते. पण बदकांना लाडू चालत नाहीत. आणा इकडे."

सगळे हसले. मुग्धा नाही हसली. तिच्या सासूबाईंचा व्हिसा झाला नव्हता आणि बाळंतपणासाठी तिनं एका पगारी मावशींशी बोलणं चालवलं होतं.

"मी करतो की तुझं," काका म्हणाले.

"बाबा, मी जन्मले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

काका तेव्हा अल्जेरियात होते. तो विणीचा हंगाम होता. ते परतले तेव्हा लेक रांगत होती आणि त्यांना बघून तिनं भोकाड पसरलं होतं. हे मला त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून.

"स्नेहल, बाळाला न्हाऊ घालायला शिकव. मला यातलं काही म्हणजे काही येत नाही."

मला भरूनच आलं. पण म्हटलं, रडत बसून काय होणार? लेकीची बाहुली आणली आणि सिंकमध्ये टब ठेवला. काका बाह्या सरसावून कोपरानं पाणी तपासायला लागले. दोनदा बाहुली बुडवली, तिसऱ्यांदा तिच्या नाकात साबण घातला. चौथ्या दिवशी जरा जमायला लागलं, तेवढ्यात त्यांना शोधत मुग्धा आली आणि दारातच थबकली.

"बाबा, मान धरा. मान."

"धरलीय," काका मागे न बघता म्हणाले.

"त्या मावशींना नको म्हणून कळवते मी."

काका ढसाढसा रडायला लागले. पण बाहुलीची मान काही सोडली नाही.