गुणवंत कॅबिनेट

केडगावात मेडिकल प्रवेशाचे क्लास चालवणाऱ्या सुमंत सरांचा देवापेक्षा मार्कांवर विश्वास जास्त. मुलगी मनवा ऑनलाइन गेमच्या राज्यस्तरीय फेरीत पोचली, तेव्हा तिचा कॉम्प्युटरही त्यांनी मार्क बघूनच जुळवला. बेंचमार्क नावाच्या चाचणीत पडद्यावरची चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला अठरा हजार गुण! सरांनी सगळा पैसा त्या कार्डात ओतला आणि प्रोसेसर जुनाच ठेवला.

"बाबा, एकदा माझा गेम चालवून बघू या ना," मनवा म्हणाली.

"टॉपरला काय चालवून बघायचं? पहिला आलाय तो!"

बरं, घेतला तर गुपचूप वापरावा. छे! सरांनी क्लासच्या दारात फ्लेक्स लावला : 'हार्दिक अभिनंदन! गुण १८,०००'. वर कॅबिनेटचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या खोक्याचा फोटो. शेजारच्या फ्लेक्सवर क्लासच्या सराव परीक्षेत पहिला आलेला अमृत हाताची घडी घालून उभा. फेरीच्या दिवशी तर पालकांना बोलावून कॅबिनेटचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. आतला पंखा कोंडेल म्हणून मनवानं शाल तेवढी काढून मांडीवर घेतली आणि प्रोजेक्टरवर खेळ सुरू झाला.

मोकळ्या माळावर मनवाचा गडी सुसाट पळाला. सर मिशीतल्या मिशीत हसले. मग शहर आलं, पन्नास-साठ खेळाडू एका चौकात भिडले आणि पडदा थिजला. हलला, परत थिजला. पुन्हा हलला तेव्हा मनवाचा गडी आडवा होता.

"गेली फेरी!" मनवाचे डोळे भरले. "एवढ्या गर्दीचा हिशोब प्रोसेसर करतो, बाबा. तुमचे मार्क नुसत्या चित्रांचे."

वाईट वाटायचं सोडून सरांना राग आला, तोही पोरीचाच. "कॉम्प्युटर हुशारच आहे, तूच घाबरलीस," म्हणत त्यांनी सगळ्यांदेखत पुन्हा तीच बेंचमार्क चाचणी लावली. डोंगर, झरे, पाखरं, सगळं कसं झुळझुळ सरकलं.

"बघा! दोनशे गुण वाढले!"

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या बाकावरून अमृतचे वडील, शेवगावचे भिमाजी उठले.

"सर, आमच्या अमृतलाबी तुमच्या परीक्षेत लई मार्क पडत्यात, न्हाई का?"

"दर वेळी पहिला!" सर छाती काढून म्हणाले.

"त्येच म्हनतो मी. मंग त्याला एकदा भायेरचा पेपर देऊन बघायचा का?"

सगळ्या पालकांच्या माना दारातल्या अमृतच्या फ्लेक्सकडे वळल्या. सरांनी घाईघाईनं मनवाच्या मांडीवरची शाल ओढली आणि कॅबिनेट झाकून टाकलं.