नागवेकर सरांचा निळा

नागवेकर सरांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला नुसतं निळं म्हटलं नाही. पावसानंतरचं आभाळ 'धुतलेलं निळं', शाळेचा गणवेश 'कंटाळलेलं निळं', आणि आमच्या खांदा कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीचा रंग म्हणजे 'कंत्राटदारी निळं'.

माणसांनाही ते सोडत नसत. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींना जिन्यात अडवून म्हणाले, "साहेब, आज तुमच्यात हळद जास्त पडलीय." सेक्रेटरी संतापले. त्याच आठवड्यात कावीळ होऊन दवाखान्यात पडले, आणि बरे होऊन आल्यावरही सरांशी बोलेनात. सरांनीच नजर लावली असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

सर चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त झालेले, तळमजल्यावर एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गणपतीच्या आधी महिनाभर पेणच्या एका कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखायला जात. म्हणत, "डोळा झाला की तो माझ्याकडे बघतो. मग मी उठतो. जास्त वेळ बघितलं की ओळख वाढते."

मी त्यांच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये. तळोज्याकडच्या एका छोट्या कंपनीत केमिस्ट होतो. त्या काळात प्रत्येक डबीवर 'नॅनो' लिहायची लाट आली होती. आम्ही चांदीचे थेंब विकायचो. चांदी इतकी बारीक केलेली की शरीरात कुठेही पोचते, असं खोक्यावर छापलेलं. सर्दी, घसा, प्रतिकारशक्ती, सगळ्यावर चालतं. माल ठीक आहे अशी सही माझी असायची.

सरांना सर्दी होती. जुनी, खडूच्या धुळीची. मी एक बाटली नेऊन दिली. शेजारधर्म, आणि थोडा रुबाबही. त्यांनी ती खिडकीत धरली.

"चांदी पिवळी कशी हो, केमिस्टराव?"

बारीक केली की तशी दिसते, असं मी समजावलं.

"रंग पाण्यात फिरतो तोवर पाण्याचा. बसला की कागदाचा," सर म्हणाले. "ही कुठे बसते?"

"बसत नाही सर. निघून जाते."

हे मी ज्या आवाजात सांगितलं तो मला अजून ऐकू येतो. खरी गोष्ट अशी की आम्ही बाटल्या महिनोन्‌महिने फळीवर ठेवून पाहिल्या होत्या, तळाशी काही बसतं का ते. नव्हतं बसत. बाटलीत बसत नाही एवढंच आम्हाला माहीत होतं. माणसात बसतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग दर महिन्याला एका रविवारी मी नवी बाटली घेऊन जायचो. सर चहा टाकायचे, जुनी चित्रं काढायचे, पेणचे किस्से सांगायचे. सर्दी कशी आहे विचारलं की म्हणायचे, "हटत नाही लेकाची." असं वर्ष, दीड वर्ष चाललं.

आधी नखं बदलली. मग हिरड्या. मग चेहराच राखाडी-निळा होत गेला. दारावरची म्हावरेवाली म्हणाली, "मास्तर, तुमी तर मोरी माशाच्या रंगाचे दिसता. बरं हाय ना?"

"मोरीला आज भाव काय?" सरांनी विचारलं. "म्हणजे मला माझी किंमत कळेल."

सगळी कॉलनी हसली. मी पण.

ते स्वतः आरशासमोर उभं राहून अभ्यास करत. "कर्नाळ्याचा सुळका पावसात कसा दिसतो, तसा झालोय. हा करडा मला जन्मात मिसळता आला नव्हता."

पेणच्या कारखानदाराची मात्र करमणूक झाली नाही. गिऱ्हाईकं बुजतात, पुढल्या वर्षी बघू, असं तो म्हणाला. त्यानंतर सर उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागले.

चांदीवर उजेड पडला की ती काळवंडते, हे केमिस्टला कुणी शिकवावं लागत नाही. मी ओळखलं होतं. तरी डॉक्टरांकडे नेईपर्यंत आणखी दोन बाटल्या दिल्या. का, ते मला धड सांगता येत नाही. देणं थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन अगदी भरपूर. "मशीन म्हणतं उत्तम, आरसा म्हणतो आवरा," सर म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. काय काय औषधं घेता, त्यांनी विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

"औषध कसलं? गणपतीचे मुकुट रंगवतो, चंदेरी रंगानं. ब्रशला टोक काढायला तोंडात घालायची खोड आहे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. तुम्ही केमिकलवाले, असं होऊ शकतं का?

मुकुटाच्या चंदेरी रंगात चांदी नसते, अ‍ॅल्युमिनियम असतं. हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "होऊ शकतं."

परतताना रिक्षात मी विचारलं, "सर, बाटलीचं का नाही सांगितलंत?"

"सर्दी पहिल्या बाटलीतच गेली होती," ते म्हणाले. "तेव्हा तरी कुठे सांगितलं? सांगितलं असतं तर तुमचं येणं बंद झालं असतं."

बाटल्या बंद केल्या. जाणंही कमी झालं, तोंड दाखवायला जड जायचं. कंपनीत सह्या मात्र चालू होत्या.

पुढच्या वर्षी एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज दमलेला होता. "केमिस्टराव, आज माझ्या निळ्यात जांभळा उतरलाय. ओठांवर बघा. येऊन जा, फार टिकणार नाही हा."

मला वाटलं, मी यावं म्हणून काढलेलं निमित्त. संध्याकाळी येतो म्हणालो.

संध्याकाळी गेलो तेव्हा त्यांना दवाखान्यात नेऊन परत घरी आणलेलं होतं. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. शेजारच्या वहिनी दुपारी डबा द्यायला गेल्या, तेव्हा सर खुर्चीत बसून दम खात होते. "रंगावरून काही कळेना हो," वहिनी रडत म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, नेहमीचाच."

नेहमीचा नाही, हे एकट्या मला कळवलेलं होतं.

आतल्या टेबलावर त्यांची रंगाची बशी होती, वर ओलं फडकं झाकलेलं. उचलून पाहिलं. राखाडी निळा, त्यात जांभळा. मी येईपर्यंत टिकणार नाही म्हणून मला दाखवायला मिसळून ठेवला होता, आणि वाळू नये म्हणून झाकला होता.

बाहेर लोक जमत होते. कुणी विचारायच्या आत मी बशी मोरीत नेऊन नळाखाली धरली. पाणी लगेच निवळलं. पण रंग तळाशी बसला होता. नखानं खरवडावा लागला.